नीलांबरीच्या टाकीतलं इंधन

१

आभाळात छत्तीस हजार किलोमीटरवर असलेल्या टाकीतलं इंधन चोरीला गेलं, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याचं तोंड हुंगेल. पण हेगळ्ळीच्या उपग्रह नियंत्रण केंद्रात त्या गुरुवारी सकाळी सगळे चांगले शुद्धीवर होते. फक्त तोंडं तेवढी सुतक पडल्यासारखी होती.

"नीलांबरी संपली," संचालक पट्टणशेट्टी म्हणाले. "जाण्यापुरतं इंधन उरलंय. सोमवारी तिला बाहेर ढकलायचं."

समोर बसलेल्या वारिजा करकेरांनी मान हलवली नाही की कॉफीला हात लावला नाही. बंगळूरच्या मुख्य कचेरीत कुठलाही उपग्रह, यंत्र किंवा माणूस वेळेआधी निकामी झाला की वारिजाबाईंना धाडत. म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना पोस्टमॉर्टेम मॅडम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"मेलेलं माणूस तपासायला बोलावतात मला," त्या म्हणाल्या. "ही तर अजून बोलतेय."

खरंच बोलत होती. पंधरा वर्षं नीलांबरी विषुववृत्तावर आपल्या जागी उभी होती. पृथ्वी फिरेल तशी तीही फिरे, म्हणून खालून पाहणाऱ्याला ती जागची हललेली दिसत नसे. सूर्य, चंद्र आणि खुद्द पृथ्वी तिला ओढत राहत आणि इथली माणसं दर पंधरवड्याला तिच्या नळ्यांमधून बारीकसा फवारा सोडून तिला परत आपल्या गल्लीत आणत. त्या फवाऱ्याला इंधन लागतं. ते संपलं की उपग्रह शेजाऱ्यांच्या अंगणात भरकटतो, आणि तिकडे वर शेजार फार महाग असतो. म्हणून शेवटचं थोडं इंधन राखून, त्याच्या जोरावर उपग्रहाला आणखी वर, मेलेल्यांच्या कक्षेत सोडून द्यायचं, असा रिवाज.

पण हिशेबाप्रमाणे नीलांबरी अजून दोन-अडीच वर्षं टिकायला हवी होती. तिच्या जागी येणारी नवी तर पुढच्या दसऱ्यानंतर उडणार होती.

"मधल्या काळात बोटींचं काय?" वारिजांनी विचारलं.

कारवारपासून खाली कन्याकुमारीपर्यंत मासेमारी बोटींवर एक पिवळी पेटी असते. वादळ उठलं की ती किंचाळते, आणि तिला किंचाळायला सांगते नीलांबरी. दुसरं कुणी नाही.

पट्टणशेट्टींनी हात पसरले. "मॅडम, तुम्ही मल्पेच्या. तुमची माणसं समुद्रात असतात, हे मला माहीत आहे. म्हणून तर विचारतो, ही चौकशी तुम्हाला नि:पक्षपातीपणे जमेल ना?"

"नाही जमणार," वारिजा म्हणाल्या. "माझा भाचा यतीश ऑगस्टपासून समुद्रात आहे. मला ती जिवंत हवी आहे. आता चोर कोण, ते बघू."

२

पहिल्यांदा गाठलं ते हनुमेगौडाला. नीलांबरीला आज्ञा धाडायचं काम त्याच्या खोलीतून चाले. गडी हासनकडचा, पोट सुटलेला, जीभ त्याहून सुटलेली.

"या अम्मा, या. कुणाला फाशी द्यायची ते ठरवून आलात की इथं ठरवणार?"

"आधी सांग, टाकी गळत तर नसेल?"

"गळती?" गौडा हसला. "फुगा फुगवून सोडून द्या. कसा घरभर गिरक्या घेतो? गळती असती तर ती अश्शी गिरकी घेत गेली असती. पंधरा वर्षांत हिनं मान वाकडी केलेली नाही. माझी बायकोसुद्धा इतकी सरळ वागत नाही."

"मग कुणी चोरून आज्ञा दिली असेल. जास्तीचे फवारे."

"प्रत्येक फवाऱ्यानं ती सरकते, अम्मा. जास्तीचा उडवला असता तर जागेवरून सरकलेली दिसली असती. नाही दिसली. उत्तर-दक्षिण डोलणं तर आम्ही दोन वर्षांपूर्वीच तिला माफ केलंय, ते रोखायला फवारा उडवतच नाही; बोटीच्या पेटीला त्यानं फरक पडत नाही. आता फक्त गल्लीत राहण्यापुरतं. महिन्याला चिमूटभर लागतं."

वारिजांनी पडद्याकडे पाहिलं. सप्टेंबर चालू होता. वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसांत, उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि गारठतो. पडद्यावर नीलांबरीच्या अंगाचं तापमान उतरताना दिसत होतं.

"तिची जुळी बहीण भैरवी आठवते?" गौडा म्हणाला. "गेल्या वर्षी गेली ती. शेवटी शेवटी सावलीत पाऊल टाकलं की टाकीसकट लगेच कुडकुडायची. ही बघा, इतकी म्हातारी झाली तरी हिच्या टाकीला थंडी वाजत नाही. जुनं हाड, अम्मा."

वारिजा उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथेच क्षणभर थबकल्या. काहीतरी खटकलं होतं. काय ते मात्र हाताला लागेना.

३

इंधनाचा जमाखर्च सांभाळणारा शंकरनारायण होळ्ळा त्यांना जेवायला घरी घेऊन गेला. साधा, घाबरट, उडुपीकडचा ब्राह्मण. पानात हुळी, म्हणजे तिकडचं सांबार, वाढताना त्याची बायको भिंतीकडे बघून म्हणाली, "अय्यो, दोन वाजले!"

वारिजांच्या मनगटावर पावणेदोन झाले होते.

"घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे," होळ्ळा ओशाळून म्हणाला. "उशीर नको व्हायला."

"तुम्हा दोघांना ठाऊक आहे की पुढे आहे?"

"हो."

"मग उपयोग काय?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्या घरात कुणी कधी विचारला नव्हता.

"होळ्ळा, हिशेबात चूक कुठं होऊ शकते?"

"चूक नाही, मॅडम." त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "फवारा किती वेळ उडाला ते कक्षा विभागाच्या देचम्मा मला कळवतात. त्यावरून किती जळलं ते मी धरतो. आता, कमी धरलं आणि टाकी अचानक कोरडी पडली, तर माणूस कामातून गेला. जास्त धरणाऱ्याची नोकरी आजवर कुणाची गेलेली नाही."

एवढं बोलून तो ताकभात इतक्या घाईनं जेवला की त्याला ठसका लागला.

देचम्मा मात्र ठसका लागणाऱ्यातली नव्हती. कोडगूची बाई, ताठ मानेची, कक्षा विभागाची प्रमुख. नीलांबरी उडाली त्या दिवसापासून तिला सांभाळणारी. फवारा कधी उडवायचा हे तीच ठरवे, आणि म्हणून उधळपट्टीचा आळ सरळ तिच्यावर आला होता. सोमवारनंतर तिची चौकशी बसणार होती. वारिजा आणि ती एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या.

"तू चोर शोधायला आलीस की माझं डोकं न्यायला?" देचम्मानं विचारलं.

"डोकं जड असतं. बसमध्ये नेता येत नाही."

देचम्मा हसली नाही. "मला बळी द्यायचं तर द्या. पंधरा वर्षं मी तिला लेकीसारखी राखली. घरी माझा मुलगा म्हणतो, आई, तू वर बघूनच बोलतेस. पण सोमवारचा धक्का मीच देणार. तिचा शेवटचा प्रवास अर्धवट राहणार नाही, हा माझा शब्द."

"जाण्यापुरतंच इंधन आहे म्हणतात. थोडं कमी पडलं तर?"

"पडणार नाही."

"इतकी खात्री?"

"म्हटलं ना, पडणार नाही," देचम्मा म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

४

शुक्रवारी पट्टणशेट्टींनी हात जोडले. "मॅडम, चोर सापडला नाही. अहवाल बंगळूरला बसून लिहा. संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलंय."

ड्रायव्हर सुब्बय्यानं सांगितलं की साडेतीनला स्टँडवर हजर राहायला हवं. वारिजा जेवण अर्धं टाकून निघाल्या. स्टँडवर माणूस नाही, बस नाही. एक कुत्रं तेवढं त्यांच्या बॅगेला टेकून झोपलं. चार वाजले. साडेचार वाजले. शेंगा विकणाऱ्या बाईला त्यांची दया आली.

"बंगळूरची ना? पाचची आहे, अक्का. येते सव्वापाचला."

मल्पेच्या कोळिणीचा राग कसा असतो ते ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. वारिजांनी सुब्बय्याला फोन लावून असं झापलं की कुत्रंसुद्धा उठून गेलं.

"अम्मा, माझी काय चूक?" सुब्बय्या काकुळतीला आला. "गौडासाहेब म्हणाले चारला पोचव. मी म्हटलं, रस्त्यात गुरं आडवी येतात, अर्धा तास हाताशी ठेवू."

त्यांनी गौडाला फोन केला. "चार कुणी सांगितलं तुला?"

"सरांनी साडेचार सांगितलं होतं. मी म्हटलं, सुब्बय्या आळशी आहे, चार सांगू."

त्यांनी पट्टणशेट्टींना लावला. "बस पाचची आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण गौडा वेंधळा आहे, म्हणून मी साडेचार सांगितलं. का, चुकली की काय?"

वारिजा हसायला लागल्या. तिघांनी एकमेकांना न विचारता आपापला अर्धा तास पदरी बांधला होता, आणि ती सगळी सावधगिरी त्यांच्या एकटीच्या पायांत येऊन साचली होती. हसता हसता त्या एकदम थांबल्या. होळ्ळाचं घड्याळ आठवलं. देचम्माची खात्री आठवली. आणि थंडी न वाजणारी टाकी.

समोर बस येऊन उभी राहिली. कंडक्टर ओरडला, "बंगळूर, बंगळूर!"

"जा तू," वारिजा त्याला म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.

५

बैठकीच्या खोलीत चौघं बसले होते. मध्ये गोळी बजे, म्हणजे मैद्याची गोल भजी, आणि कॉफी. कुणी हात लावत नव्हतं.

"एक घरगुती प्रश्न," वारिजा म्हणाल्या. "घरचं घड्याळ किती पुढे ठेवता?"

पट्टणशेट्टींनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय?"

"सांगा तरी."

"दहा मिनिटं," ते कुरकुरत म्हणाले. होळ्ळानं पंधरा सांगितली. गौडा म्हणाला, "बायकोनं वीस केलंय, मी गुपचूप पाच वाढवलीत." सगळे हसले. देचम्मासुद्धा गालात हसली. "माझंही पंधरा."

"बरं," वारिजा म्हणाल्या. "आणि नीलांबरीचं?"

हसू जागच्या जागी विझलं. पट्टणशेट्टी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि बाकीचे तिघं टेबलाकडे.

"मी सांगते," वारिजा म्हणाल्या. "चोर नव्हताच. चोरी होण्यासारखं काही घडलंच नाही. गौडा, फवारा बंद झाल्यावर तू देचम्माला वेळ कळवतोस. खरी वेळ?"

गौडानं कानाची पाळी चोळली. "झडप मिटायला वेळ लागतो, अम्मा. श्वासभर जास्त सांगतो. तिच्या भल्यासाठी."

"आणि देचम्मा, तू तीच वेळ होळ्ळाला देतेस?"

देचम्मानं कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "त्यात थोडं मिळवते. पहिल्या दिवसापासून."

"होळ्ळा?"

"मी जळण्याचा दर जास्तीचा धरतो," होळ्ळा पुटपुटला. "थोडासाच."

"पंधरा वर्षं, दर पंधरवड्याला, तिघांचा थोडा थोडा. कुणाला कुणाचं ठाऊक नाही. आता सर, शेवटच्या धक्क्याला किती राखून ठेवलंय?"

पट्टणशेट्टींचा चेहरा लाल झाला. "नियमाप्रमाणे."

"नियमाच्या किती पट?"

"...दुप्पट," संचालक म्हणाले. "फसलं असतं तर दिल्लीला तोंड मी दाखवायचं होतं."

वारिजा देचम्माकडे वळल्या. आता त्यांचा आवाज उतरला होता. "आळ तुझ्यावर आला. तरी बोलली नाहीस. का गं?"

"म्हाताऱ्या बायका स्वतःच्या सरणाचे पैसे पदराला बांधून ठेवतात ना, तसं होतं ते," देचम्मा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती. "बोलले असते तर तुम्ही लोकांनी ते वापरून टाकलं असतं आणि ती वाटेतच मेली असती. माझ्या एकटीच्या मुठीनं किती दिवस निघाले असते? मला काय ठाऊक, इथं चौघांच्या मुठी होत्या."

"हे सगळं बोलणं झालं," पट्टणशेट्टी एकदम सावरून म्हणाले. "टाकीत डोकावून कोण बघणार? बोलण्यावर मी सोमवार रद्द करू? ती भरकटून शेजाऱ्यावर आदळली तर?"

"डोकावायची गरज नाही," वारिजा म्हणाल्या. "गौडानं मला कालच पुरावा दिलाय. त्यालाच कळलं नाही."

६

शनिवारी न्याहारी आटोपताच त्यांनी नीलांबरीच्या टाकीचे हीटर चालू करायला लावले. टाकी फार गारठू नये म्हणून ते बसवलेले असतात.

"रिकामं पातेलं चुलीवर ठेवलं की लगेच तापतं आणि उतरवलं की लगेच निवतं," त्या म्हणाल्या. "भरलेलं दोन्हीला वेळ घेतं. भैरवीची टाकी रिकामी होती, म्हणून सावलीत लगेच कुडकुडायची. नीलांबरीला थंडी वाजत नाही, कारण जुनं हाड नाही, पोटात माल आहे. भैरवी जायच्या आधी तिलाही असंच तापवून बघितलं होतं ना?"

"हो," गौडा म्हणाला. "जेवणाच्या वेळेपर्यंत चांगली तापली होती."

"मग हिला बघू."

अख्खं केंद्र त्या खोलीत लोटलं. पडद्यावर दोन रेषा होत्या, एक भैरवीची जुनी, आणि तिच्याखाली नीलांबरीची नवी, हळूहळू उमटणारी. सुरुवातीला दोन्ही जोडीनं चढल्या. देचम्मानं साडीचा पदर मुठीत आवळला. पट्टणशेट्टींनी खोकून घेतलं. यतीशची बोट, तिचा हिरवा रंग, नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, त्यानं स्वतः रंगवलेला मासा, सगळं वारिजांच्या डोळ्यांपुढून गेलं.

मग भैरवीची रेषा वर वर जात राहिली आणि नीलांबरीची मागे पडली. आणखी मागे. चालायचा कंटाळा आलेल्या म्हशीसारखी ती रेंगाळली. जेवणाची घंटा झाली. कुणी हललं नाही. भैरवीची रेषा कुठल्या कुठे आणि ही अजून तळाशी.

"तापत नाहीये," गौडा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "देवा मंजुनाथा, तापतच नाहीये ही!"

यंत्राचा आकडा वाढत नाही म्हणून माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, असं त्या केंद्रात त्याआधी कधी झालं नव्हतं. सुब्बय्या शिट्ट्या मारत होता. पट्टणशेट्टींनी स्वतः उठून देचम्माला खुर्ची दिली, आणि चौकशीचं काय, असं कुणी विचारायच्या आत म्हणाले, "कसली चौकशी? मी तर काही ऐकलं नाही."

होळ्ळा कोपऱ्यात गणित मांडत होता. घाम पुसून तो उठला. "मॅडम, साधारण... म्हणजे अगदी जपून धरलं तर..."

"होळ्ळा," वारिजा म्हणाल्या, "भिंतीवरचं घड्याळ नको. मनगटावरचं सांग."

होळ्ळानं कागदाची घडी घातली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं आकडा जसा होता तसा तोंडातून बाहेर काढला. "तीन वर्षं. तिला वर नेण्यापुरतं बाजूला ठेवून."

सोमवार आला आणि गेला. नीलांबरी जागच्या जागी उभी राहिली. त्या दिवसापासून हेगळ्ळीत नवा रिवाज पडला. ज्याला जपून म्हणून थोडं बाजूला ठेवायचं असेल त्यानं खुशाल ठेवावं, पण सगळ्यांच्या देखत.

७

नोव्हेंबरात लक्षद्वीपच्या पलीकडे समुद्र उसळला. चक्रीवादळ इतक्या झपाट्यानं उठलं की दुपारी साधा ढग होता, त्याचा संध्याकाळपर्यंत राक्षस झाला. वारिजा दिवाळीच्या सुटीला मल्पेला आल्या होत्या. बंदरावर बायका पदर डोक्याला गुंडाळून उभ्या होत्या. बोटी एकामागून एक येत होत्या, आणि येणारा प्रत्येक जण तेच सांगत होता. पेटी किंचाळली म्हणून फिरलो.

यतीशची हिरवी बोट त्यांच्यात नव्हती. त्याची आई, वारिजांची धाकटी बहीण, धक्क्याच्या कडेला बसली होती.

वारिजांनी देचम्माला फोन लावला.

"त्याच्या पेटीनं पोच दिलीय," देचम्मा पलीकडून म्हणाली. वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. "निरोप मिळाला, बोट वळली. तिचा ठावठिकाणा नीलांबरीनं मला आत्ताच कळवलाय. सगळ्यात लांब होता तो. चांगल्या वेगानं येतोय."

"किती वेळ लागेल?"

"दीड तास."

वारिजांनी बहिणीकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरून हळूच विचारलं, "खरं ना देचू? की मला धीर द्यायला?"

"आता जेवढं असतं तेवढंच सांगते मी," देचम्मा म्हणाली. "तूच शिकवलंस. दीड तास."

वारिजा बहिणीशेजारी जाऊन बसल्या आणि तिचा थंड हात आपल्या हातांत घेतला. "दीड तास," त्या म्हणाल्या. बहिणीनं मान वर केली. तो आकडा कुठून आला, हे तिनं विचारलं नाही.

पाऊस धरला. दिवे लागले. बंदरातले लोक हळूहळू त्यांच्याभोवती जमले. कुणी छत्री धरली, कुणी चहा आणला. वारिजा मनगटाकडे बघत होत्या.

दीड तास झाला, आणि बंदराच्या तोंडाशी, लाटेवरून खाली येत, नाळेवर रंगवलेला मासा दिसला.